घाई नाही

त्या ऑफिसात एक नियम होता आणि तो ऐकून नवीन माणूस आधी हसायचा. कुणीही यावं आणि 'माझं काम सगळ्यांत आधी करा' म्हणावं, त्याला कुणाची ना नव्हती. पण फळ्यावर जागा मोजक्या. पंधरवड्यात टीमच्या हातून जेवढं होईल तेवढ्याच कामांची कार्डं तिथे लागायची, आणि नवीन कार्ड लावायचं तर जुनं एक उतरवायला लागायचं. इथपर्यंत सगळीकडे असतंच. पुढची मेख मात्र या ऑफिसची स्वतःची होती. ज्यानं कार्ड उतरवलं, त्यानंच त्या कामाची वाट बघणाऱ्या माणसाकडे जायचं, तो जिथे काम करतो तिथे त्याच्या शेजारी थोडा वेळ बसायचं आणि तोंडानं सांगायचं, की तुमचं काम या खेपेला होत नाही. ईमेल चालणार नाही, निरोप तर मुळीच नाही.

नियम आला आणि 'अतितातडीची' कामं भराभर रोडावली. माणसाला दुसऱ्याचं काम मागे ढकलायला काही वाटत नाही, नंतर त्याला तोंड दाखवायचं जिवावर येतं.

हा नियम आणणारीला टीममध्ये सगळे 'रांगवाली' म्हणायचे. सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे होते, तपासणारे वेगळे होते. हिनं फक्त ठरवायचं, आधी काय आणि मग काय. ऐकायला हे सोपं वाटतं. ज्या घरात माणसं पाच आणि न्हाणीघर एक, तिथल्या माणसाला विचारा, तो सांगेल किती सोपं आहे ते. ती येण्याआधी इथे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असा कारभार होता. सगळी कामं सुरू, पूर्ण एकही नाही, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं काम पुढे. तिनं ते बंद केलं. रांगवाली कुणाची बाजू घेत नाही, असं लोक म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर हे ऐकायला तिला फार आवडायचं.

टीमचं सध्याचं काम होतं एका गाडीसेवेचं. ज्या म्हाताऱ्या, आजारी माणसांना स्वतःहून दवाखान्यात जाता येत नाही, त्यांना घरून न्यायचं आणि परत घरी सोडायचं, ही ती सेवा. कुठली गाडी कुणाला घेणार, कधी घेणार, हे सगळं या टीमच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. सेवेच्या ऑफिसात एक खोली होती, तिथे बसून फोन घ्यायचे आणि गाड्या सोडायच्या. त्या खोलीत दिवसपाळीला बसणारी बाई म्हणजे रांगवालीची सख्खी आत्या.

आई गेल्यावर या आत्यानंच तिला वाढवलं होतं. अजूनही दोघी एकाच घरात राहायच्या. हे नातं रांगवालीनं पहिल्याच दिवशी टीमला सांगून टाकलं, नंतर कुणी बोट दाखवायला नको म्हणून. आणि खरा घोटाळा तिथूनच सुरू झाला. जगात 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' अशी रीत असते. हिची उलटी. हिच्याकडे दुसऱ्याचा तो बाब्या आणि आत्याचं ते कार्टं.

आत्याची मागणी एकुलती एक होती आणि काम सुरू झालं त्या दिवसांतच आलेली. कार्डावर तिचेच शब्द होते: 'पाळी बदलताना परतीच्या राहिलेल्या फेऱ्या स्क्रीनवर तशाच राहिल्या तर बरं पडेल. सवड मिळेल तेव्हा. घाई नाही.'

आता 'घाई नाही' म्हटल्यावर ते कार्ड कोण वर घेणार? दर पंधरवड्याला रांग लागायची आणि दर पंधरवड्याला रांगवाली ते कार्ड आपल्या हातानं तळाला ठेवायची. कधी ते चुकून फळ्यावर चढलंच, तर उतरवायची वेळ आल्यावर पहिला हात तिचा त्याच्यावरच जायचा. आत्याला सांगायचं काम ती घरी उरकून टाकायची. आत्या चहा गाळत असायची, ही दारात उभ्या उभ्या म्हणायची, "आत्या, याही वेळी नाही बसलं गं." आत्या म्हणायची, "बरं." झालं सांगून.

आत्याला घरी यायला रोज उशीर व्हायचा. पाळी दुपार कलताना संपायची आणि बाई दिवेलागणीला उगवायच्या. रांगवाली थट्टा करायची, "आता अंथरूण पण तिकडेच टाक." आत्या हसून चपला काढायची आणि पाय दाबत बसायची. तिला तिथल्या गप्पांची चटक लागलीय, असं भाचीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

तर त्या पंधरवड्याची आखणी चालू होती. टीममधला सर्वांत जुना प्रोग्रॅमर, ज्याला सगळे थोरला म्हणायचे, भिंतीला टेकून बसला होता. तपासणी करणारी बाई समोर होती. तिला प्रत्येक गोष्टीत शंका यायची म्हणून ती शंकाबाई, आणि या नावाचा तिला राग नव्हता, उलट अभिमान होता. इतक्यात गाडीसेवेच्या साहेबांचा फोन आला. पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला भिंतीवर मोठा नकाशा हवा होता, त्यात साऱ्या गाड्या हलताना दिसायला हव्या होत्या.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," थोरला म्हणाला.

"नकाशा करायचा तर एक कार्ड उतरवायला लागेल," शंकाबाई म्हणाली. "साहेबांनाच विचार, कुठलं काढायचं."

पण रांगवालीचा हात केव्हाच फळ्याकडे गेला होता. आत्याचं कार्ड यावेळी कसंबसं सगळ्यात खालच्या जागेवर चढलं होतं. तिनं ते काढून खिशात घातलं. "साहेबांना कशाला त्रास? हे काढते. घाई नाहीच आहे त्याची."

शंकाबाईनं चष्मा वर सरकवला. "मग सांगायला कधी जाणार?"

"आज रात्री सांगते की. घरीच तर आहे."

"घरी सांगितलेलं धरत नाहीत. नियम तुझाच आहे. मला तर शंका येते, तू या कार्डासाठी त्या खोलीत एकदाही गेली नाहीस."

"अगं, माझी आत्या आहे ती."

"म्हणूनच विचारतेय."

थोरला खाली बघून हसला. रांगवालीला ते चांगलंच झोंबलं, कारण शंकाबाईचं म्हणणं खरं होतं. ज्यांची ज्यांची कामं तिनं उतरवली, त्या सगळ्यांच्या शेजारी ती जाऊन बसली होती. एका आत्याच्या सोडून.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या सुमाराला ती गाडीसेवेच्या ऑफिसात गेली. खोली छोटीशी होती. दोन स्क्रीन, दोन फोन, एक फिरती खुर्ची आणि कोपऱ्यात एक पत्र्याचं स्टूल. खुर्चीत आत्या नव्हती. संध्याकाळच्या पाळीचा माणूस नुकताच येऊन बसला होता. अंगानं गोल, बोलायला गोड.

"बाई दुपारीच घरी गेल्या," तो म्हणाला. "अंगात ताप होता. उभं राहवत नव्हतं. तरी जायला तयार नव्हत्या, आम्हीच बळंबळं गाडीत बसवलं."

रांगवालीला काहीच माहीत नव्हतं. आत्यानं फोन केला नव्हता. भाचीच्या कामात व्यत्यय नको, ही तिची जुनी खोड. ती लगेच घरी निघणार होती, पण गोल माणसानं चहा पुढे केला आणि कौतुकानं स्क्रीन दाखवला. "तुमचं सॉफ्टवेअर बाकी झकास हं. पाळी बंद केली, की सगळं कसं स्वच्छ होतं. हे बघा, एक फेरी शिल्लक नाही."

स्क्रीन खरंच धुतल्या पाटीसारखा होता. रांगवालीला बरं वाटलं. आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं? तिनं स्टुलावर बसून चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. गोल माणसानं उचलला आणि तो गोंधळला. "कोण मास्तर? नाही हो बाई, इथे कुणीच शिल्लक नाही... हो, स्क्रीनवरच बघतोय... तुमची भाची बसलीय इथे... बरं, देतो." त्यानं फोन तिच्याकडे दिला. "तुमच्या आत्या आहेत."

आत्याचा आवाज तापानं जड झाला होता. भाची तिथे कशी, हे तिनं विचारलंही नाही. "मास्तर राहिलेत दवाखान्यात. गोळी घेऊन मी जी झोपले ती आत्ता उठले. त्यांना आज उशिरानं सोडणार होते. गाडी पाठव आधी."

"अगं, पण स्क्रीनवर त्यांचं नावच नाही."

"नसणारच," आत्या म्हणाली. "पाळी बंद झाली ना."

रांगवालीचा चहा हातातच राहिला. घोडं कुठे पेंड खात होतं, ते तिला आत्ता कळलं. सकाळी जायची वेळ ठरलेली असते, पण परत यायची वेळ डॉक्टरच्या हातात. नोंद करताना अंदाजानं काहीतरी टाकायचं. आणि दिवसपाळी बंद झाली, की त्या दिवसाच्या फेऱ्या संपल्या असं धरून सॉफ्टवेअर सगळं पुसून टाकायचं. जो अजून दवाखान्यात बसलाय तोही पुसला जायचा. तसं लिहायला टीमला तिनंच सांगितलं होतं, स्क्रीन मोकळा दिसावा म्हणून.

"मग रोज काय होतं?" तिनं गोल माणसाला विचारलं.

तो ओशाळला. "रोज बाई बसतात ना. तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर. हातात आपला फोन घेऊन. सगळे पोचले, की जातात. मला वाटायचं, त्यांना घरी करमत नसेल."

भाचीलाही असंच काहीसं वाटत आलं होतं. एक गाडी मोकळी होती, तिच्यात चालकाच्या शेजारी ती जाऊन बसली.

दवाखान्याच्या बाहेरच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. मांडीवर पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. आत सामसूम होत आलं होतं आणि झाडूवाला त्याच्या पायांना वळसा घालून झाडत होता. गाडी थांबली तसा म्हातारा सावकाश उठला. गुडघे धरले होते, पण तक्रारीचा सूर नव्हता.

"मास्तर, माफ करा," रांगवाली म्हणाली. "तुम्ही फोन का नाही केलात?"

"त्या बाई करतात नेहमी. आज आला नाही. म्हटलं, विसरायच्या नाहीत त्या, बऱ्या नसतील." मास्तरांनी गाडीत पाय ठेवला आणि दम घेतला. "मग वाटलं, आपण करावा का? पण म्हटलं, कुणाचं तरी आपल्याहून निकडीचं असेल. आपलं काय, घरीच तर जायचंय. घाई नाही."

हे शब्द ऐकले आणि रांगवालीला रडू आलं. चालकासमोर कसं रडायचं म्हणून तिनं काचेबाहेर बघितलं. मास्तर मात्र घरी पोचेपर्यंत आत्याची चौकशी करत होते. ताप किती आहे, घरी कुणी बघायला आहे का. "मी आहे," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला लाज वाटली.

घरी आत्या उशी पाठीशी घेऊन बसली होती. "पोचले?"

"पोचले. तुझी आठवण काढत होते." रांगवालीनं तिच्या कपाळाला हात लावला. ताप उतरत होता. मग ती पलंगाच्या कडेला बसली. "आत्या, इतकी मोठी गोष्ट. आणि तू लिहिलंस, सवड मिळेल तेव्हा?"

"मग काय लिहायचं?"

"खरं ते. माणसं मागे राहतात म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवलंस तू."

आत्यानं पांघरुणाची घडी उगाचच सरळ केली. "तू तिथे नवीन होतीस. मी जोर लावला असता तर म्हणाले असते, भाचीच्या जिवावर आत्या मिरवतेय. तुझं नाव खराब झालं असतं. म्हटलं, मी बसते तासभर जास्त. त्यात काय जातंय माझं?"

"आणि मी ते दरवेळी तळाला ठेवलं. का माहितीये? रांगवाली घरच्या माणसाला पुढे घेते, असं कुणी म्हणू नये म्हणून."

आत्याला हसू आलं, पण ते ओठांवर येऊन विरलं.

"म्हणजे ना तू माझा विचार केलास, ना मी तुझा," ती हळू म्हणाली. "आपण दोघी नुसत्या चांगल्या दिसायला बघत होतो. आणि बाहेर बसले ते बिचारे."

"तू रोज त्यांच्यासाठी थांबलीस, आत्या. मी काय केलं?"

"थांबले, पण बोलले नाही. आज मेला ताप आला नसता तर अजूनही बोलले नसते." आत्यानं डोळे मिटले. "ते राहू दे. आता काय करणार आहेस?"

सकाळी रांगवाली सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. खिशातलं कार्ड तिनं काढलं आणि नवीन लिहिलं: 'माणूस घरी पोचल्याशिवाय त्याची फेरी स्क्रीनवरून जाऊ नये. काल एकजण दवाखान्यात राहिला.' ते तिनं सगळ्यात वर लावलं. टीम जमली तेव्हा तिनं आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं, मास्तरांच्या गुडघ्यांसकट. शेवटी म्हणाली, "ही माझ्या आत्याची मागणी आहे, आणि ती पहिली आहे. कुणाला पटत नसेल तर आत्ता बोला."

पटलं नाही असं कुणीच नव्हतं. थोरल्यानं नुसतं विचारलं, "मग काय उतरवायचं?"

"नकाशा. मी जाते सांगायला."

शंकाबाईनं पहिल्यांदाच काही शंका काढली नाही. तिनं स्वतःची छत्री तेवढी पुढे केली, बाहेर ऊन कडक होतं म्हणून.

गाडीसेवेच्या ऑफिसात साहेबांची खोली वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर नकाशासाठी जागा मोकळी करून ठेवली होती, खिळेसुद्धा ठोकून झाले होते. साहेब वाईट माणूस नव्हते. पाहुण्यांसमोर आपली सेवा चांगली दिसावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. रांगवाली त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "या खेपेला नकाशा होणार नाही. त्याच्या जागी परतीच्या फेऱ्यांचं काम घेतलंय."

साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले. त्यांना राग आला होता, पण ते आवाज चढवणारे नव्हते. "ते खालच्या खोलीतल्या बाईंचं काम ना? त्या तुमच्या आत्या लागतात, असं ऐकलं होतं मी." त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघितलं. "म्हणजे माझं काम बाजूला ठेवून तुम्ही तुमच्या घरच्या माणसाचं काम पुढे घेतलंत."

आलं. इतके महिने जे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तिनं जिवाचा आटापिटा केला होता, ते आज समोर येऊन बसलं. लागायचं तेवढं लागलंच. तिचे कान तापले. पण खुर्ची होती तिथेच होती आणि तीही तिच्यावर होती तशीच बसलेली होती.

"हो," ती म्हणाली. मग तिनं साहेबांना मास्तरांचं सांगितलं. रोज संध्याकाळी स्टुलावर कोण बसतं आणि का, तेही सांगितलं.

साहेब ऐकत राहिले. मधे एकदा त्यांनी खिडकीतून खाली बघितलं, तिथे एका गाडीतून कुणालातरी हात धरून उतरवत होते. "हे मला कुणी कधी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "बाईंची ही मागणी आली कधी?"

"अगदी सुरुवातीला."

"सुरुवातीला?" साहेब तिच्याकडे वळले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मग आजपर्यंत तुम्ही ती घेतली का नाहीत?"

रांगवालीनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"तुम्ही आत्ता मला जे बोललात ना साहेब," ती म्हणाली, "ते कुणी बोलू नये म्हणून."